वर्ध्याचा क्रांतिकारक आणि मेक्सिकोचा गहू

अनसिंग परिसरात सोयाबीनची सोंगणी आटोपली, की विहिरीला किंवा बोअरला पाणी असलेला शेतकरी गव्हा-हरभऱ्याचा हिशेब मांडू लागतो. ओलिताची किती पाळी देता येईल, थंडी किती दिवस टिकेल, यावर वाण ठरतो. बाजारात गहू विकत घेणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा एकच नाव ठाऊक असते, ते म्हणजे लोकवन. हे नाव कुठल्या वनाचे नाही. गुजरातेत सणोसरा येथील लोकभारती संस्थेत झवेरभाई पटेल यांनी निवडलेल्या ‘लोक-१’ या वाणाच्या इंग्रजी उच्चारातून ते झाले. या लोकवनचे एक मूळ सोनालिका या वाणात आहे. सोनालिका निवडला गेला तो मेक्सिकोहून भारतात आलेल्या संकरित गव्हाच्या पिढ्यांतून. म्हणजे आपल्या ताटातल्या पोळीचे मूळ धुंडाळत गेले, तर ते पॅसिफिक महासागर ओलांडून मेक्सिकोच्या पठारावर पोहोचते.

मेक्सिकोच्या गव्हाची गोष्ट सांगताना नॉर्मन बोरलॉग आणि डॉ. एम. एस. स्वामिनाथन ही नावे घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. पण बोरलॉग यांनी मेक्सिकोत पाऊल ठेवले त्याच्या वीस वर्षे आधी एक वैदर्भीय माणूस तिथल्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून रुजू झाला होता. गहू आणि मक्याच्या संकरावर तो काम करत होता आणि अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढत होता. त्यांचे नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर पक्षाचे क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत येते. त्यांच्या आयुष्याचा शेतीचा अर्धा भाग मात्र अजूनही फारसा सांगितला जात नाही.

खानखोजे यांचा जन्म १८८४ चा, वर्ध्याचा. वडील तेथे अर्ज लिहिण्याचे काम करत. शिक्षण वर्धा आणि नागपुरात झाले. आजोबांकडून ऐकलेल्या १८५७ च्या आठवणी आणि लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचा प्रभाव, या दोन गोष्टींनी त्यांचे मन घडवले. त्यांच्या लहानपणीच मध्य प्रांत आणि वऱ्हाडाने लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पाहिले. पहिला १८९६-९७ चा, दुसरा १८९९-१९०० चा. गुरे मेली, गावे ओस पडली आणि पाठोपाठ साथीचे रोग आले. त्या पिढीतल्या मुलाला पारतंत्र्य आणि भूक या दोन वेगळ्या गोष्टी वाटणे कठीण होते.

विशीत असतानाच, १९०६ च्या सुमारास, ते घर सोडून परदेशी निघाले. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. हेतू लष्करी शिक्षणाचा होता. कॅलिफोर्नियातील माउंट तामालपायस लष्करी अकादमीत त्यांनी ते घेतलेही. पण त्याच बरोबरीने त्यांनी शेतीशास्त्राची वाट धरली. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतील कृषी महाविद्यालयांत त्यांचे शिक्षण झाले. त्याच काळात ओरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांना संघटित करण्याचे काम ते करत होते. १९१३ मध्ये आकाराला आलेल्या गदर चळवळीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. दिवसा पिकांचा अभ्यास आणि उरलेल्या वेळात क्रांतीची तयारी, असा तो दुहेरी संसार होता. त्याच भागात त्यांची मेक्सिकोच्या १९१० च्या क्रांतीत भाग घेतलेल्या लोकांशी ओळख झाली. जमीन कसणाऱ्याची असावी, ही त्या क्रांतीची मागणी. ती त्यांच्या मनात रुजली आणि पुढे फार उपयोगी पडली.

पहिल्या महायुद्धात ते इराणात गेले. तेथील भटक्या टोळ्यांच्या साथीने ब्रिटिशांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेही. युद्धानंतर बर्लिन, मग १९२१ मध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासोबत मॉस्को. सशस्त्र उठावाची सारी दारे एकेक करून बंद होत गेली. ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव असल्याने मायदेशी परतणे अशक्य होते. चाळिशीच्या उंबरठ्यावर, हाती काही नसलेल्या या माणसाला जुन्या मेक्सिकन मित्रांचा आधार मिळाला. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत आले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले.

चापिंगो हे मेक्सिको सिटीजवळचे गाव. एका मोठ्या जमीनदाराच्या वाड्यात आणि त्याच्या शेतांवर नुकतेच हे विद्यालय हलवण्यात आले होते. क्रांतीनंतर जमिनी वाटल्या जात होत्या. पण कालपर्यंत मालकाच्या शेतावर राबणाऱ्या मजुराच्या हाती जमीन आली, तरी बी, पाणी आणि माहिती त्याच्याकडे नव्हती. मेक्सिकोचे मुख्य अन्न मका. गहू होता, पण तांबेरा, थंडीचा कडाका आणि पावसाची ओढ यांपुढे तो टिकत नसे. खानखोजे यांनी मका, गहू, कडधान्ये आणि रबर अशा पिकांवर संशोधन केले. दुष्काळ आणि हिमतुषार सहन करतील असे वाण मिळवणे हा त्यांचा ध्यास होता. मक्याचा रानटी नातलग असलेल्या तेओसिंते या गवताशी मक्याचा संकर करण्याचे त्यांचे प्रयोग विशेष गाजले. इटालियन छायाचित्रकार तिना मोदोत्ती यांनी त्यांच्या कणसांची आणि शाळांची छायाचित्रे काढली.

इथे थोडे थांबून संकर म्हणजे नेमके काय काम, ते पाहू. गव्हाच्या फुलात नर आणि मादी भाग एकत्रच असतात आणि फूल उघडण्याआधीच बहुतेक परागण आतल्या आत उरकते. त्यामुळे गहू स्वतःशीच लग्न लावून मोकळा होतो. दोन वाणांचा संकर करायचा, तर ओंबीतल्या एकेका फुलातले कोवळे परागकोश बारीक चिमट्याने काढावे लागतात. मग ओंबीला कागदी पिशवी घालायची आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. एका ओंबीतून मोजके दाणे मिळतात. ते पेरायचे आणि पुढच्या पिढ्यांत प्रत्येक रोप वेगळे निघते. त्यातून हजारो रोपे उपटून फेकायची आणि मूठभर ठेवायची. असे सहा-सात पिढ्या केल्यावर वाण स्थिर होतो. वर्षाला एकच हंगाम मिळत असेल, तर एका वाणामागे आठ-दहा वर्षे सहज जातात. या कामात हुशारीइतकीच चिकाटी लागते.

खानखोजे यांना एक गोष्ट लवकर उमगली होती. प्रयोगशाळेत चांगले बी तयार झाले म्हणून ते शेतात पोहोचत नाही. म्हणून १९२८ च्या सुमारास त्यांनी शेतकरी संघटनांच्या मदतीने चापिंगोच्या आसपासच्या खेड्यांत शेतीच्या मुक्त शाळा सुरू केल्या. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. शेतकऱ्यांनीच शिकायचे आणि शेतावरच शिकायचे. एका शाळेला शेतकरी क्रांतीचे नेते एमिलियानो झपाटा यांचे नाव होते. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा या शाळांचे पाठीराखे होते. मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरा यांनी रंगवलेल्या एका चित्रात गोरगरिबांच्या पंगतीत मधोमध बसून भाकरी वाटणारा पुरुष दिसतो. तो चेहरा खानखोजे यांचा आहे. वर्ध्याच्या माणसाचे याहून वेगळे स्मारक कल्पिणेही अवघड.

१९३६ मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन मुली. पुढे सावित्री सॉहनी यांनीच वडिलांचे चरित्र इंग्रजीत लिहिले.

इकडे मेक्सिकोच्या गव्हावर संकट होते. १९३९ ते १९४१ या सलग वर्षांत खोडावरील तांबेऱ्याने पीक झोडपले. ताटावर विटकरी रंगाचे फोड दिसू लागले की दाणा भरत नाही, सुकून चिरमुटतो. देशाला लागणाऱ्या गव्हाचा मोठा हिस्सा बाहेरून आणावा लागे. १९४३ मध्ये मेक्सिकोचे कृषी मंत्रालय आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी संयुक्त संशोधन सुरू केले. त्याचे ठाणे चापिंगोतच होते. १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग तेथे आले.

बोरलॉग यांनी वेळेची अडचण एका साध्या युक्तीने सोडवली. हिवाळ्यात उत्तरेकडील सोनोरा राज्यात, जवळपास समुद्रसपाटीवर, गहू पेरायचा. तेथील दाणे काढून लगेच उन्हाळ्यात तोलुका येथे, सुमारे २६०० मीटर उंचीवर, पुन्हा पेरायचे. त्यामुळे वर्षात दोन पिढ्या मिळू लागल्या आणि निम्मा काळ वाचला. आणखी एक फायदा तर अनपेक्षित होता. दोन्ही ठिकाणी दिवसाची लांबी, तापमान आणि रोग वेगळे. दोन्हीकडे तगले तेच रोप पुढे गेले. त्यातून दिवस लहान की मोठा याची पर्वा न करणारे गहू तयार झाले. असा गहू मेक्सिकोत जसा येतो, तसाच पंजाबात येतो आणि थोडक्या थंडीच्या विदर्भातही येतो.

दुसरी अडचण उंचीची होती. जुने गहू छातीएवढे वाढत. खत आणि पाणी वाढवले की ओंबी जड होई आणि पीक लोळे. यावरचा उपाय जपानमध्ये होता. तेथे १९३५ मध्ये ‘नोरिन १०’ नावाचा बुटका वाण तयार झाला होता आणि त्याच्या पूर्वजांत अमेरिकी गहूही होते. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, सेसिल सॅल्मन या अमेरिकी कृषितज्ज्ञाने त्याचे बी अमेरिकेत नेले. वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथे ऑर्व्हिल व्होगेल यांनी स्थानिक गव्हाशी त्याचा संकर केला. तेथून ते बी बोरलॉग यांच्याकडे गेले. योगायोग असा, की ज्या वॉशिंग्टन राज्यात तरुण खानखोजे यांनी शेतीशास्त्राचे धडे घेतले, तेथूनच पुढे बुटका गहू मेक्सिकोकडे निघाला.

बुटकेपणाचे गमक पुढे उलगडले. झाडाच्या पेरांची लांबी वाढवणारे जिबरेलिन नावाचे संप्रेरक असते. नोरिन १० मधील दोन जनुके अशी आहेत, की ती असलेले रोप या संप्रेरकाच्या हाकेला पुरेसे प्रतिसाद देत नाही. खोड आखूड राहते. खोड वाढवण्यात खर्ची पडणारे अन्न ओंबीकडे वळते आणि खत दिले तरी पीक उभे राहते. एवढ्या छोट्या बदलाने जगाचा भाकरीचा हिशेब बदलला. मेक्सिको १९५६ मध्येच गव्हात स्वयंपूर्ण झाला होता. १९६२ पासून बुटके वाणही शेतकऱ्यांच्या हाती आले.

भारतात त्या वेळी उलटे चित्र होते. १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत पावसाने दगा दिला. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले. रेशनच्या दुकानातला अमेरिकन लाल गहू जुन्या वाचकांच्या अजून लक्षात असेल. स्वामिनाथन यांच्या आग्रहाने बोरलॉग १९६३ मध्ये भारत पाहून गेले होते. १९६५ मध्ये अडीचशे टन आणि १९६६ मध्ये १८ हजार टन मेक्सिकन बियाणे भारतात आले. १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २३ लाख टन असलेले गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टनांवर गेले. मेक्सिकन गव्हाचा दाणा लाल होता आणि आपल्याकडच्या पोळीला तो रुचेना. म्हणून भारतीय शास्त्रज्ञांनी त्यातून पिवळसर, टपोऱ्या दाण्याचे वाण निवडले. सोनालिका हा त्यांतलाच एक. लोकवन ही त्याच वंशाची पुढची पिढी.

या सगळ्यात खानखोजे यांचा वाटा किती? आजकाल मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात त्यांना सरळ हरितक्रांतीचे जनक ठरवले जाते. तसे म्हणणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे. भारतात आलेल्या बुटक्या गव्हाचा निर्णायक गुण जपानी वाणाचा होता आणि त्याची जोडणी बोरलॉग यांच्या चमूने केली. खानखोजे यांचे काम त्याआधीचे आणि वेगळ्या जातीचे. ज्या विद्यालयाच्या आवारात हे संशोधन उभे राहिले, तेथे त्यांनी वर्षानुवर्षे पीक सुधारण्याचे शास्त्र शिकवले होते. गहू दुष्काळाला आणि थंडीला तोंड देईल का, हा प्रश्न त्यांनी आधीपासून हाती घेतला होता. सुधारित बी गरिबाच्या शेतात कसे जाईल, याचे उत्तर शोधणे हे तर त्यांचे खास काम.

हे उत्तर किती मोलाचे होते, ते नंतरच्या इतिहासाने दाखवले. बुटक्या गव्हाचा पहिला मोठा लाभ सोनोरातील कालव्यांखालच्या मोठ्या शेतांना झाला. डोंगरातला, पावसावर मका पिकवणारा छोटा शेतकरी मागे राहिला. आपल्याकडेही तसेच घडले. पंजाब-हरयाणाच्या पाटपाण्याखाली गहू बहरला. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत जमिनीच्या ओलीवर येणारा बन्सी गहू मात्र हळूहळू मागे पडला. नवे वाण खत आणि पाणी मागत होते. ते नसलेल्याला देण्यासारखे त्यांच्याकडे कमी होते. उत्पादन वाढणे आणि सर्वांचे उत्पादन वाढणे, या दोन गोष्टींतले अंतर खानखोजे यांनी मुक्त शाळा काढल्या तेव्हाच ओळखले होते.

देश स्वतंत्र झाल्यावर नागपूरच्या प्रांतिक सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना बोलावले. १९४९ मध्ये ते यायला निघाले, तेव्हा इंग्रजांच्या जुन्या काळ्या यादीतले नाव स्वतंत्र भारतातही आड आले. अडथळा दूर झाला आणि त्यांनी मायभूमी पाहिली, पण ती चाळीसहून अधिक वर्षांनी. १९५५ मध्ये ते कुटुंबासह कायमचे नागपुरात आले. मेक्सिकोतल्या इतका मोठा शेतीप्रयोग त्यांच्या हातून इथे उभा राहिला नाही. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरातच त्यांचे निधन झाले. मेक्सिकन बियाण्याची मोठी खेप भारतात येऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते आणि त्यातले पहिले मोठे पीक शेतात उभे होते. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

त्या जुन्या सहकार्यातून १९६६ मध्ये मेक्सिकोत मका आणि गहू यांचे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र उभे राहिले. तेथून दरवर्षी नव्या गव्हांचे नमुने अनेक देशांत चाचणीसाठी जातात आणि प्रत्येक देशाने नोंदवलेली निरीक्षणे परत येतात. हे सहकार्य दानधर्म नव्हे, ती गरज आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस युगांडात खोडावरील तांबेऱ्याचा एक नवा प्रकार आढळला. जगभरातील अनेक प्रतिकारक गहू त्याला बळी पडू शकतात, असे दिसले. तांबेऱ्याची बीजे वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात, त्यांना सीमा नसतात. म्हणून आफ्रिकेत भारतीय वाणांची चाचणी झाली आणि प्रतिकारक वाण आधीच हाताशी ठेवता आले.

आपल्या भागासाठीही काम झाले आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कोरडवाहूसाठी ‘एमएसीएस ४०२८’ हा बन्सी प्रकारातला गहू दिला आहे. त्यात सुमारे १४.७ टक्के प्रथिने असून जस्त आणि लोहही चांगल्या प्रमाणात आहे. गेल्या शतकात पोट भरण्याचा प्रश्न होता, आता अंगी लागण्याचा आहे. रक्तक्षय आणि जस्ताची कमतरता असलेल्या घरांत रोजच्या पोळीतून चार कण अधिक मिळाले, तर ते औषधाच्या गोळीआधीचे औषध ठरते. सोयाबीन उशिरा निघाल्याने गव्हाची पेरणी लांबते, त्यासाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा ‘एकेएडब्ल्यू-४६२७’ हा वाण आहे.

पण वाण जाहीर होणे आणि तो बांधावर पोहोचणे यांत आजही तेच जुने अंतर आहे. अनसिंगच्या काळ्या मातीत, तीनच पाळ्या पाणी असताना कोणता गहू परवडतो, हे मेक्सिकोतले शास्त्रज्ञ ठरवू शकत नाहीत. अकोल्यातलेही पूर्णपणे नाहीत. एका एकरात नेहमीचा लोकवन, शेजारी चार गुंठ्यांत नवा वाण, दोन्हींना पाणी-खत सारखे, आणि मळणीच्या वेळी दोन्हींचे वेगळे वजन. एवढी चाचणी कोणताही शेतकरी करू शकतो. गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून ती केली आणि आकडे एकमेकांना दाखवले, की खानखोजे यांच्या मुक्त शाळेचा एक वर्ग भरला म्हणायचा. त्यासाठी ना इमारत लागते, ना फी.